छायाचित्र कोणाचें?

यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्यापासून जवळच टिपेश्वरचें अभयारण्य आहे. हिवाळ्यांतल्या पहाटे त्याच्या सुन्ना दरवाजाशीं उघड्या जिप्सींची रांग लागते. थंडीनें हात गारठलेले असतात, सागाच्या पानांवरून दंव ठिबकत असतें, आणि बहुतेक प्रत्येक गाडींत एखादा तरी गृहस्थ असा असतो कीं, निजलेल्या तान्ह्या मुलास सांभाळावें तसें एक लांबलचक भिंग त्यानें मांडीवर सांभाळून धरलेलें असतें. दरवाजा उघडेपर्यंत जें संभाषण चालतें, त्यांत वाघाचें नांव क्वचितच येतें. भिंग किती मिलिमीटरचें, कॅमेरा एका सेकंदांत किती चित्रें घेतो, मागील वर्षींचा विकून नवा घेतला तो केवढ्याला पडला, हाच सगळा विषय असतो. पुढें दुपारीं परततांना त्यांपैकीं कोणीं एखादें उत्तम चित्र दाखविलें, तर पाहणाराच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा : "कॅमेरा कोणता?"

हा दोन शब्दांचा प्रश्न छायाचित्रकारांच्या जिव्हारीं लागतो. वर्षानुवर्षें उन्हातान्हांत बसून जें साधलें, त्याचें श्रेय एका क्षणांत दुकानांतील वस्तूला दिलें जातें, अशी त्यांची तक्रार आहे. "नाचतां येईना अंगण वांकडें" ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. येथें प्रकार उलटा होतो. नाच उत्तम झाला कीं, अंगण सरळ होतें म्हणून झाला, असें पाहणारे म्हणूं लागतात. ही तक्रार कितपत खरी आहे, यंत्रानें खरोखरच कारागिराला झांकून टाकलें आहे काय, याचा विचार शांतपणें करण्यासारखा आहे.

प्रथम यंत्राच्या बाजूचें म्हणणें ऐकून घेणें न्यायाचें होईल. फ्रेडरिक चॅम्पियन नांवाचे एक वनाधिकारी १९२० नंतरच्या दशकांत संयुक्त प्रांतांतील जंगलांत वाघांचीं छायाचित्रें घेत असत. वाघाच्या नेहमींच्या वाटेवर ते तार बांधीत. वाघाचा पाय तारेस लागला कीं प्रकाशाचा लखलखाट होई आणि त्याच क्षणीं कांचेवर चित्र उमटे. एका रात्रीं एक संधि, आणि तीहि पुष्कळदां एखाद्या भलत्याच प्राण्यानें तार ओढल्यामुळें वाया जावयाची. अशा कष्टानें मिळालेल्या चित्रांचें त्यांचें पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. आज टिपेश्वरला प्रथमच येणारा पाहुणा एका सकाळींच शंभर दोनशें चित्रें घेऊन जातो. लांब पल्ल्याच्या भिंगामुळें वाघाच्या अंगावर जावें लागत नाहीं, आणि पहाटेच्या अंधुक उजेडांतहि त्याच्या मिशीचा केंस न केंस स्पष्ट दिसतो. इतकें उपकारक साधन म्हणजे कांहींच नव्हे असें म्हणणें हा कृतघ्नपणाच होईल. साध्या कॅमेऱ्यानें दूरच्या वाघाचा केवळ पिवळा ठिपका येतो, मग धरणाराचा हात कितीहि तयार असो.

परंतु साधन आवश्यक आहे येवढ्यावरून तेंच पुरेसें आहे, असें सिद्ध होत नाहीं. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. येथील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. एकाच सुतारानें घडविलेल्या दोन तिफणी दोन शेजाऱ्यांच्या शेतांत चालतात, आणि एकाचें पीक उभें राहतें, तर दुसऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. तिफण कितीहि चांगली असली तरी रानांत वाफसा आला कीं नाहीं हें तिफणीला कळत नाहीं. तें मातीची ढेकूळ हातांत घेऊन चुरडून पाहणाऱ्या माणसालाच कळतें. आतां तिफणीच्या जागीं ट्रॅक्टरावर चालणारें पेरणीयंत्र आलें, म्हणून वाफसा ओळखण्याचें काम संपलें असें कोणीहि शेतकरी म्हणणार नाहीं.

तरीहि ह्या वादाचा पुरता निकाल लावावयाचा, तर जेथें छायाचित्रकार मुळींच नाहीं असें एखादें उदाहरण तपासलें पाहिजे. यंत्र सर्वस्वीं स्वतंत्र असेल तर तें तेथेंच दिसेल. असें उदाहरण ह्याच अभयारण्याच्या वाघांच्या हकीकतींत सांपडतें.

मार्च २०२१ मध्यें औरंगाबाद, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगर, जिल्ह्याकडील गौताळा औट्रमघाट अभयारण्यांत एका वाघाचें चित्र मिळालें. त्या भागांत सुमारें ऐंशीं वर्षांत वाघाची नोंद झालेली नव्हती. अंगावरील पट्टे ताडून पाहतां तो वाघ टिपेश्वरचा ठरला. तीनशें किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून तो तेथें पोंचला होता. पुढें डिसेंबर २०२४ मध्यें धाराशिव जिल्ह्यांतील येडशी रामलिंग घाट अभयारण्यांत आणखी एका वाघाचें चित्र उमटलें, आणि तोहि सुमारें पांचशें किलोमीटर चालून आलेला टिपेश्वरचाच वाघ निघाला. शेतें, सडका, गांवें ओलांडून जनावर कोठून कोठें जातें आणि त्यासाठीं कोणत्या वाटा मोकळ्या ठेवल्या पाहिजेत, हें ह्या चित्रांनीं दाखवून दिलें. दिवाणखान्यांत लावलेल्या कित्येक सुंदर चित्रांहून त्यांची योग्यता अधिक आहे. आणि तीं घेतांना कॅमेऱ्याच्या मागें कोणीहि माणूस उभा नव्हता!

तीं झाडाला बांधलेल्या पेटीनें घेतलीं. तिला कॅमेरा ट्रॅप म्हणतात. समोरून उष्ण अंगाचें कांहीं हललें कीं आंतील यंत्र जागें होतें आणि चित्र घेतें. येथें तरी सर्व श्रेय यंत्राचें नव्हे काय? वरवर पाहतां तसें वाटतें. पण ती पेटी त्याच झाडाला कां बांधली, असा प्रश्न विचारला कीं सगळें चित्र पालटतें. जंगलांत झाडें लाखों आहेत. वाघ नाल्याच्या रेतींतून चालणें कोठें पसंत करतो, पाऊलवाटा कोठें मिळतात, झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे ताजे आहेत कीं जुने, हें पायीं फिरून पाहणारा वनरक्षक पेटीची जागा ठरवितो. ती जमिनीपासून साधारण गुडघ्याइतक्या उंचीवर बांधावयाची, समोरचें गवत काढावयाचें, नाहींतर वाऱ्यानें हलणाऱ्या तापलेल्या गवताचींच चित्रें भरून यावयाचीं. शिवाय वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोहों बाजूंस एकेक पेटी समोरासमोर बांधावी लागते. हें सर्व झाल्यावर यंत्राची पाळी येते.

आणि यंत्राचें काम झाल्यावर पुन्हां माणसाची. २०१८ सालच्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेंत २६,८३८ ठिकाणीं अशा पेट्या लावल्या होत्या. त्यांनीं ३,४८,५८,६२३ चित्रें घेतलीं. त्यांत वाघांचीं चित्रें ७६,६५१ होतीं. म्हणजे सुमारें साडेचारशें चित्रांमागें एक. बाकींच्यांत बिबटे, हरणें आणि इतर प्राणी होते. पेटीला वाघ आणि रानडुक्कर सारखेच. ती निवड करीत नाहीं, कंटाळत नाहीं, आणि तिला आनंदहि होत नाहीं. त्या ढिगांतून वाघ वेगळे काढून, पट्ट्याला पट्टा जुळवून, २,४६१ निरनिराळे वाघ ओळखण्यांत आले. संगणकाचें साहाय्य त्या कामीं झालें हें खरें. पण कोणत्या खुणेवरून ओळखावयाचें हें संगणकाला आधीं माणसांनींच शिकविलें. तेव्हां छायाचित्रकाराला काढून टाकलें तरी छायाचित्रकाराचें कौशल्य नाहींसें झालें नाहीं. तें यंत्राच्या अलीकडे आणि पलीकडे वांटलें गेलें, येवढेंच.

यंत्राची मर्यादा किती कठोर असूं शकते, हेंहि यवतमाळ जिल्ह्यानें पाहिलें आहे. पांढरकवडा आणि राळेगांव ह्या भागांत २०१६ पासून १३ माणसांच्या मृत्यूचा दोष ज्या वाघिणीवर आला, तिचें सरकारी नांव टी-१. लोक तिला अवनी म्हणत. २०१८ सालीं तिचा शोध चालला तेव्हां साधनांची वाण नव्हती. झाडाझाडांवर कॅमेरे होते, आकाशांत ड्रोन होते, हत्ती आणले होते. तरी शोध आठवड्यांमागून आठवडे लांबत गेला. झाडावरील कॅमेरा ती काल रात्रीं येथून गेली येवढें सांगे. आज ती कोठें आहे हें तो सांगूं शकत नव्हता. त्या दिवसांत कपाशीच्या शेतांत एकट्यानें जाणें लोकांनीं टाकलें होतें, आणि कापूस तर वेंचावयाचा होता. शेवटीं २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं बोराटीजवळ ती गोळीनें मारली गेली. त्या घटनेवर पुढें पुष्कळ वाद झाला. त्याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. येथें लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, चित्र मिळणें आणि कळणें ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिली विकत घेतां येते. दुसरी येत नाहीं.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाहीं. शंभर वर्षांमागें ह्याच भूमींत दोन माणसांनीं तो दोन रीतींनीं गिरविला आहे. दादासाहेब फाळके हे मूळचे छायाचित्रकार. चित्रपट काढावयाचा ध्यास घेऊन ते १९१२ सालीं इंग्लंडास गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. यंत्र घरांत आलें, पण भांडवल देणाराची खात्री कशी पटावी? यंत्र दाखवून ती पटण्यासारखी नव्हती. फाळक्यांनीं एका कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या समोर कॅमेरा मांडून रोज थोडें थोडें चित्रण केलें. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली; दाणा फुटला, अंकुर आला, वेल चढला. पाहणारांना पटलें तें यंत्र नव्हे, तर एक महिना रोज त्याच कुंडीपाशीं जाऊन बसणारी चिकाटी. पुढें ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला.

दुसरें उदाहरण कोल्हापूरचें. आनंदराव आणि बाबूराव हे चुलत बंधु नाटकांचे पडदे रंगवीत. त्यामुळें पेंटर हेंच त्यांचें आडनांव रूढ झालें. चित्रपट काढावा अशी त्यांना ओढ लागली, पण विलायती कॅमेरा घेण्याजोगा पैसा जवळ नव्हता. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं हाय खाल्ली नाहीं. आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशीं धरून १९१८ च्या सुमारास त्यांनीं कॅमेरा स्वतःच्या कारखान्यांत घडविला, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' हा चित्रपट पूर्ण करून दाखविला. फाळक्यांनीं यंत्र आणलें आणि त्यास कामाला लावलें. बाबूरावांजवळ यंत्र नव्हतें तर त्यांनीं तें निर्माण केलें. दोघांच्याहि बाबतींत काय दाखवावयाचें हें आधीं मनांत ठरलेलें होतें. यंत्र मागाहून आलें. यंत्राला आज्ञा करणारें मन आधीं तयार असेल, तर यंत्र त्याला झांकूं शकत नाहीं.

हा क्रम उलटला म्हणजे काय होतें, हें अलीकडेच विदर्भांत दिसून आलें. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं उमरेड पवनी करांडला अभयारण्यांत एफ-२ ही वाघीण आपल्या पांच बछड्यांसह रस्त्यावर आली असतां पर्यटकांच्या गाड्यांनीं तिची वाट दोहों बाजूंनीं अडविली. प्रत्येकाला जवळचें चित्र हवें होतें. त्याचें चित्रण सर्वत्र पसरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें स्वतः होऊन दखल घेतली. ज्या साधनानें दुरून पाहण्याची सोय केली, तें हातांत असूनहि माणसें जवळ गेलीं. थांबण्याचें शहाणपण भिंगाबरोबर मिळत नाहीं. कोणतें चित्र घ्यावयाचें नाहीं, हें ठरविणें हाहि ह्या कलेचाच भाग आहे. किंबहुना तिचा सर्वांत कठीण भाग तोच होय.

ह्या प्रकरणांत गाड्यांचे चालक आणि मार्गदर्शक यांना निलंबित करण्यांत आलें. नियम मोडला म्हणून शासन झालें, त्याविरुद्ध बोलण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु ह्या ठिकाणीं मूळ तक्रारीची दुसरी बाजू उघडी पडते, आणि तिच्याकडे छायाचित्रकार सहसा पाहत नाहींत.

टिपेश्वरच्या जिप्सींत पुढें बसणारा मार्गदर्शक हा आसपासच्या गांवांतला तरुण असतो. त्याच्याजवळ भिंग नसतें. गाडी थांबवून तो बोट ओठांवर ठेवतो. दूर एखादें वानर खोकल्यासारखा आवाज काढतें, मागोमाग चितळ ओरडतें. त्यांच्या बोलींत ह्याला "कॉल" म्हणतात. आवाज कोणत्या बाजूनें आला, एकदांच आला कीं पुन्हां पुन्हां आला, वारा कोणीकडचा, पाणवठा किती दूर, ह्या सर्वांचा हिशेब करून तो चालकाला हलक्या आवाजांत सांगतो कीं, गाडी मागें घे आणि वळणापाशीं उभी कर. तेथें दहा मिनिटें, वीस मिनिटें कांहींच घडत नाहीं. मागील बांकावरील पाहुणे चुळबूळ करूं लागतात. आणि मग गवत हलतें. ऊन पाठीमागें पडेल, वाघालाहि जावयास वाट राहील, अशाच जागीं त्यानें गाडी उभी करविलेली असते. बटण दाबण्याचें काम मागें बसलेल्याचें. परंतु चित्राचा निम्मा भाग तोंवर तयार झालेला असतो.

पुढें तें चित्र कोठें छापून येतें. खालीं छायाचित्रकाराचें नांव असतें. पुष्कळदां कॅमेऱ्याचें आणि भिंगाचेंहि नांव असतें. त्या तरुणाचें नांव मात्र क्वचितच असतें. पेटीसाठीं झाड निवडणाऱ्या वनरक्षकाचें तर नसतेंच. कॅमेऱ्यानें आपलें श्रेय खाल्लें म्हणून जो हळहळतो, त्यानें स्वतः दुसऱ्याचें श्रेय खाल्लेलें असतें, आणि तें त्याच्या ध्यानींहि नसतें. दोन्ही ठिकाणीं चूक एकच आहे. जें डोळ्यांना दिसतें आणि ज्याला किंमत लिहिलेली असते, तें लोक मोजतात. जें दिसत नाहीं आणि ज्याला किंमत लिहिलेली नसते, तें मोजावयाचें राहून जातें. कॅमेरा गळ्यांत दिसतो. बारा वर्षें जंगलांत फिरलेले पाय दिसत नाहींत.

ह्याचा सर्वांत मोठा तोटा नव्यानें शिकणाराला होतो. तालुक्याच्या गांवीं लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा एखादा होतकरु मुलगा, "कॅमेरा कोणता?" हा प्रश्न ऐकून ऐकून, आपल्यांत उणीव आहे ती यंत्राचीच अशी समजूत करून घेतो. हप्त्यांनीं भारी कॅमेरा घेतो. हप्ते फेडण्यासाठीं एका दिवसांत दोन लग्नें पत्करतो. मग मांडवांतला उजेड पाहावयास, नवरीच्या आजीचा चेहरा केव्हां भरून येतो तो क्षण टिपावयास त्याला सवडच उरत नाहीं. यंत्र वाढलें आणि पाहणें घटलें. ह्याच मुलाला कोणीं आधीं सांगितलें असतें कीं, जवळ आहे त्या कॅमेऱ्यानें एकच झाड सकाळीं, दुपारीं आणि तिन्हीसांजेला वर्षभर टिपून पाहा, तर कदाचित् त्याला कर्ज काढावेंच लागलें नसतें. आणि काढावें लागलें असतें तरी तें कशासाठीं, हें त्याला नेमकें सांगतां आलें असतें.

तेव्हां यंत्रानें कारागिराला झांकलें आहे काय, ह्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, झांकणारें यंत्र नव्हे. झांकणारी आहे ती पाहणाराची संवय. यंत्र मुकें आहे. त्याच्या नांवाचा डंका माणसेंच वाजवितात, आणि त्यांत पुष्कळदां छायाचित्रकार स्वतःच पुढें असतो. संवय माणसांचीच असल्यामुळें ती पालटणेंहि माणसांच्याच हातीं आहे. त्यासाठीं फार मोठें कांहीं करावें लागत नाहीं. एखादें चांगलें चित्र पुढें आलें म्हणजे कॅमेऱ्याचें नांव विचारण्याआधीं तीन गोष्टी विचाराव्या : किती वेळ थांबलांत? वाट कोणीं दाखविली? आणि त्या दिवशीं कोणतें चित्र घेण्याचें टाळलेंत?

पहिल्या प्रश्नानें छायाचित्रकाराला त्याचें श्रेय मिळेल. दुसऱ्यानें तें पुढच्या बांकावर बसलेल्या त्या तरुणापर्यंत पोंचेल. आणि तिसऱ्यानें बछड्यांना घेऊन रस्ता ओलांडूं पाहणाऱ्या वाघिणीला वाट मोकळी मिळेल.